ब्रेक ऑइल कमी होतंय? आधी गळती शोधा, मग बाटली उघडा

आमच्या काकांच्या गाडीच्या डिकीत दोन वर्षं ब्रेक ऑइलची अर्धी बाटली पडून होती. महिना-दीड महिना झाला की बोनेट उघडायचं, टाकीत दोन झाकणं ओतायची आणि बोनेट आपटायचं. "जुनी गाडी आहे, थोडं पिते," असं ते म्हणायचे. गॅरेजवालाही सर्व्हिसिंगला टाकी काठोकाठ भरून द्यायचा. गेलेलं ऑइल गेलं कुठे, हे त्यालाही कधी विचारावंसं वाटलं नाही. मग एका पावसाळ्यात ताम्हिणी घाट उतरताना पेडल पार खाली गेलं. काकांनी दोनतीनदा पंपिंग केलं, दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी कडेला घेतली. तिथून ती टो करूनच आणावी लागली. मागचं डावं चाक आणि ड्रम काढला तर आत लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे ब्रेकचे तुकडे), स्प्रिंगा, सगळं ऑइलने निथळत होतं.

त्या गाडीची दुरुस्ती मी मिस्त्रींच्या हाताखाली केली. पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्यांना ड्रम असलेली साधी हॅचबॅक. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती गाड्या याच रचनेच्या, म्हणून पुढचं सगळं तीच गाडी डोळ्यांसमोर ठेवून लिहितो.

ब्रेक ऑइल "पीत" नाही

इंजिन ऑइल थोडंफार जळतं. ब्रेकचं तसं नाही. पेडलला जोडलेला मास्टर सिलिंडर, लोखंडी पाइप, रबरी होज (लवचिक नळी) आणि चाकापाशी कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा) किंवा व्हील सिलिंडर (ड्रममध्ये लायनर दाबणारा), असा तो बंद मार्ग आहे. पायाने दिलेला दाब ऑइलमधून चाकापर्यंत पोचतो आणि पाय काढला की ऑइल जागच्या जागी.

तरी टाकीतली पातळी हळूहळू उतरते, त्याचं एक निर्दोष कारण आहे. पुढचे ब्रेक पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन तेवढा बाहेर येऊन राहतो आणि त्याच्यामागची वाढलेली जागा ऑइल भरून काढतं. पॅडच्या अख्ख्या आयुष्यात पातळी 'मॅक्स'वरून 'मिन'च्या जवळ आली तर त्यात नवल नाही. म्हणून ऑइल कमी दिसलं की आधी पॅड बघा. पॅड संपत आले असतील तर नुसतं ऑइल भरू नका, कारण नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले जातात आणि वर भरलेलं ऑइल टाकीतून उतू जाऊन बोनेटखालचा रंग खातं. पॅड जाड आहेत आणि तरी पातळी उतरतेय, तर गळती आहे असं धरूनच चालायचं.

डॅशबोर्डवरचा हँडब्रेकचा लाल दिवा बहुतेक गाड्यांत ऑइल कमी झाल्यावरही लागतो. हँडब्रेक पूर्ण खाली असताना तो वळणावर किंवा उतारावर लुकलुकला तर वायरिंगला दोष देण्याआधी टाकी बघा. ऑइल 'मिन'च्या काठावर आलेलं असतं, गाडी कलली की आतला फ्लोट खाली जातो.

गळालंय ते ब्रेक ऑइलच आहे का?

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा किंवा चारपाच वर्तमानपत्रं अंथरा आणि चारही चाकांच्या जागा पेनाने खुणावून ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय, यावरच निम्मं निदान होतं.

पुढच्या बाजूला, डॅशबोर्डच्या रेषेत स्वच्छ पाणी दिसलं तर ते एसीचं आहे, सोडून द्या. काळं आणि दाट ते इंजिन ऑइल. हिरवट, गुलाबी, किंचित गोडसर वासाचं ते कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ड्रायव्हरच्या पेडलांखाली फिकट पिवळं ते तपकिरी, पाण्यापेक्षा जरा जड आणि बोटाला बुळबुळीत लागणारं काही असेल तर ते बहुधा ब्रेक ऑइलच. खात्रीसाठी वाटीभर पाण्यात त्याचा थेंब टाका. इंजिन ऑइल किंवा शॉकॲब्सॉर्बरचं तेल वर तरंगतं, ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. मागच्या चाकापाशी डाग असेल तर ही वाटी फार कामाची, कारण तिथे शॉकॲब्सॉर्बर गळाल्याचा आणि ब्रेक गळाल्याचा डाग सारखाच दिसतो. (ती वाटी मग स्वयंपाकघरात परत नेऊ नका. आमच्याकडे यावरून एकदा महाभारत झालं आहे.)

ब्रेक ऑइल रंगाचा शत्रू आहे. बॉडीवर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. डोळ्यांत उडालं तर तसंच पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा. हातमोजे आणि चष्मा आधीच घातलेले बरे.

पेडल काय सांगतं

गाडी उभी, इंजिन बंद. पेडल चारपाचदा दाबा म्हणजे बूस्टरमधली (पायाच्या जोराला मदत करणाऱ्या डब्यातली) हवेची ओढ संपेल आणि पेडल कडक होईल. आता ते जोरात दाबून मिनिटभर तसंच धरा. जागेवर राहिलं तर निदान मोठी गळती नाही. पायाखालून हळूहळू खाली सरकत गेलं तर दाब कुठूनतरी सुटतोय. याच अवस्थेत इंजिन चालू केलं की पेडल किंचित खाली जातं. तो बूस्टर नीट चालत असल्याचा पुरावा आहे, घाबरू नका.

पेडल सरकतंय, पण बाहेर कुठे ओल नाही आणि टाकीही उतरत नाही, तर मास्टर सिलिंडरच्या आतली रबरं गेली आहेत. ऑइल आतल्या आतच पिस्टनला बगल देतंय.

पेडल दाबताना स्पंजासारखं लागत असेल, पण धरल्यावर सरकत नसेल, तर पाइपात हवा आहे. अशी हवा बहुधा टाकी कधीतरी रिकामी होऊन शिरलेली असते.

आणखी एक प्रकार घाटात भेटतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्यावर पेडल मऊ पडतं, अर्धा तास थांबलं की पुन्हा ठीक होतं आणि टाकीतली पातळी हललेलीही नसते. ही गळती नाही, ते ऑइल म्हातारं झालंय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की १४० अंशांपर्यंत उतरलेला चालतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. तापलेल्या चाकापाशी अशा ओल्या ऑइलची वाफ होते, आणि वाफ द्रवासारखा दाब पुढे नेत नाही, स्वतःच चेपली जाते. साधारण दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला असं सांगतात ते याचसाठी.

पेडल सरकत असेल किंवा थेंब दिसत असतील तर गाडी "हळू चालवत" गॅरेजला नेऊ नका. ब्रेकची दोन स्वतंत्र सर्किट असतात आणि पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत ती बहुधा तिरपी जोडलेली असतात. एक गेलं तरी दुसऱ्यावर गाडी थांबते, पण पेडल खूप खाली जाऊन आणि बऱ्याच लांबवर. टो करा किंवा मिस्त्रीला घरी बोलवा.

गळती शोधायचा क्रम

टाकीपासून सुरुवात करून चाकाकडे जा. टाकी जिथे मास्टर सिलिंडरवर बसते तिथलं रबर, पाइपांचे नट, आणि मास्टर सिलिंडरच्या मागे काळ्या गोल बूस्टरचा पत्रा. त्या पत्र्यावरचा रंग खालच्या बाजूने फुगून सुटलेला दिसला तर मास्टर सिलिंडरचं मागचं सील गळतंय, हे सांगायला मिस्त्री लागत नाही.

मग ड्रायव्हरच्या पायांपाशी टॉर्च मारा. बऱ्याच गाड्यांत हायड्रॉलिक क्लच त्याच टाकीतून ऑइल घेतो. त्याची नळी टाकीच्या मधल्या उंचीवर असते, म्हणून क्लच गळत असेल तर पातळी तिथवर उतरून थबकते आणि क्लच पेडल ढिलं पडतं. अशा वेळी ब्रेकची चारही चाकं खोलून काही सापडत नाही.

त्यानंतर गाडीच्या पोटाखालून जाणारे लोखंडी पाइप. रत्नागिरी-मालवणसारख्या खाऱ्या हवेच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे विशेष बघावं. पाइप जिथे क्लिपमध्ये अडकतात तिथे चिखल साचतो आणि आतून गंज धरतो. वरून फोड आलेला पाइप बोटाने चोळा. ओल लागली तर तो संपला. गंजलेल्या पाइपला ब्रेझिंग (पितळेचा जोड) करून देणारे लोक भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे जा. टोकं फ्लेअर केलेला (म्हणजे तोंडाशी पसरट केलेला) तयार पाइपच बसवायचा.

पुढच्या चाकांशी रबरी होज असतो. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून तो वाकवून बघा. भेगा, फुगवटा, टोकापाशी ओल, यातलं काहीही असलं तर नवा. होज कॅलिपरला ज्या पोकळ बोल्टने जोडतात त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर असतात. मागे कुणी जुनेच वॉशर पुन्हा लावले असतील तर गळती तिथे. कॅलिपरमध्ये पिस्टनभोवतीचा रबरी बूट (धूळ अडवणारं आवरण) ओला आहे का तेही पाहा.

राहिले मागचे ड्रम. माझ्या अनुभवात जुन्या गाड्यांत गुन्हेगार बहुतेक वेळा इथेच सापडतो, कारण ड्रम बंद डब्यासारखा असल्याने गळालेलं ऑइल बरेच दिवस आतच राहतं. टायरच्या आतल्या बाजूला ओघळ दिसेपर्यंत लायनर भिजून गेलेले असतात.

गळती फार बारीक असेल तर एक घरगुती युक्ती: संशयित जागा स्वच्छ पुसून कोरडी करा, वर टाल्कम पावडर भुरभुरा आणि कुणाला तरी पेडल दाबून धरायला सांगा. पावडरीवर ओला ठिपका उमटतो.

व्हील सिलिंडर बदलणं

गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या. हँडब्रेक सोडावा लागणार आहे, कारण तो ओढलेला असेल तर ड्रम निघत नाही. म्हणून पहिला गिअर टाका आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे किंवा दगड लावा. जॅकवर उचलली की लगेच जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं काय, हातही घालायचा नाही. यात कसलीही सूट नाही.

चाक काढा. काही गाड्यांत ड्रम नुसता सरकून येतो. अडकला तर त्याच्यावरच्या दोन आट्यांच्या भोकांत ८ मिलिमीटरचे बोल्ट घालून आलटून पालटून कसत गेलं की तो सुटतो. काहींत ड्रममध्येच बेअरिंग असतं आणि मधला मोठा नट काढावा लागतो. तो परत लावताना नवाच वापरायचा आणि टॉर्क पान्याने (ठरावीक जोरालाच कसणाऱ्या) मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाला कसायचा. तो पाना नसेल तर हे काम गॅरेजवर सोडा. ड्रमला आत कड पडली असेल तर लायनर अडकतात, आधी ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा भाग) ढिला करा.

आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा तर नकोच. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

वरच्या बाजूला दोन लायनरांच्या मधे व्हील सिलिंडर दिसेल, दोन्ही टोकांना रबरी बूट असलेला. एका बूटची कड नखाने उचला. आत नुसता दमटपणा असेल तर चालतो, ऑइल ओघळलं तर सिलिंडर गेला. आता मोबाइलने फोटो काढा, दोनचार कोनांतून. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे तासाभराने कुणालाच आठवत नाही. एका वेळी एकाच बाजूचा ब्रेक खोला, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून शाबूत राहते.

लायनर काढले की मागच्या पत्र्यावर या. पाइपचा नट साध्या फिक्स पान्याने सोडवायला जाऊ नका. त्याचे कोपरे गोल होतात आणि मग तासाचं काम दिवसावर जातं. फ्लेअर पाना वापरा: दिसायला रिंग पान्यासारखा, पण पाइप आत शिरायला एका बाजूने फट असलेला. सिलिंडर अजून पत्र्याला घट्ट असतानाच हा नट ढिला करायचा. नटाबरोबर पाइपही पिळला जातोय असं दिसलं तर थांबा, गंजरोधक स्प्रे मारून वाट पाहा. नट सुटला की जुन्या सिलिंडरच्या निपलवरची (हवा काढायच्या पोकळ स्क्रूवरची) रबरी टोपी काढून पाइपच्या तोंडावर बसवा, ऑइल टपकणं थांबतं. मग मागचे बोल्ट काढून सिलिंडर बाहेर.

सिलिंडरचं रबर किटही मिळतं आणि स्वस्त असतं. पण आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे पडले असतील तर नवं रबरही त्यावर घासून दोन महिन्यांत गळतं. नवशिक्याने अख्खा सिलिंडर बदलावा. एका बाजूचा गेला असेल तर दुसऱ्याचं वयही तेवढंच आहे, दोन्ही बदला.

नवा सिलिंडर बसवताना क्रम उलटा, पण एक गोष्ट लक्षात ठेवा: आधी पाइपचा नट हाताने दोनतीन आटे फिरवून घ्या, मग सिलिंडरचे बोल्ट कसा, आणि शेवटी पाइपचा नट. बोल्ट आधी कसले तर नट तिरका लागून आटे मोडतात.

ऑइलने भिजलेले लायनर टाकूनच द्यायचे. पेट्रोलने धुवून, पॉलिश पेपर मारून ते पुन्हा लावण्याची पद्धत रस्तोरस्ती दिसते. ऑइल लायनरच्या आत मुरलेलं असतं, ब्रेक तापला की वर येतं आणि ते चाक पकडतच नाही किंवा एकदम जाम होतं. नवे लायनर दोन्ही मागच्या चाकांना एकदमच लावा. ड्रम ब्रेक क्लीनरने पुसा. सिलिंडरच्या रबराला पेट्रोल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस काहीही लागू देऊ नका, त्याने ते रबर फुगतं.

एअर काढणं

मार्ग उघडला म्हणजे हवा शिरलीच. टाकीच्या झाकणावर कुठलं ऑइल ते छापलेलं असतं, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. तेच आणि सीलबंद बाटलीतलं घ्या. डिकीतली ती जुनी उघडी बाटली इथे चालत नाही, तिने वर्षभर ओलावा पिलेला असतो. डॉट ५ हे सिलिकॉनचं, वेगळ्याच कुळातलं आहे. ते डॉट ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळायचं नाही.

दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक चाकापाशी. निपलवर पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल घेतलेल्या बाटलीत बुडवा. मग संवाद असा:

"दाब."
"धरला."

निपल पाव आटा उघडा. ऑइल बुडबुड्यांसकट येईल, पेडल खाली जाईल. निपल बंद करा.

"सोड."

निपल बंद व्हायच्या आत पेडल सोडलं तर नळीतून हवा परत आत ओढली जाते, आणि सगळं मुळापासून. म्हणून पेडलवरचा माणूस घाई करणारा नको. मी माझ्या भाच्याला बसवलं होतं. तो "सोड" ऐकायच्या आधीच सोडायचा.

जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा छोटा ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरचा पिस्टन रोजच्या वापरात पूर्ण खोलवर जात नाही, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात गंज आणि गाळ साचलेला असतो. एअर काढताना पेडल जमिनीपर्यंत दाबलं तर आतली रबरं तिथे घासून फाटतात. व्हील सिलिंडर दुरुस्त केला आणि आठवड्यात मास्टर सिलिंडर गेला, या तक्रारीमागे कित्येकदा हेच असतं.

चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये पाहा. ते नसेल तर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करण्याचा जुना रिवाज आहे; आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, म्हणून मागचं डावं पहिलं. दर पाचसहा दाबांनी टाकी बघत राहा. ती रिकामी झाली तर वरूनच हवा शिरेल. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत असं झालं तर हवा एबीएसच्या युनिटमध्ये अडकते, आणि कित्येक गाड्यांत ती काढायला स्कॅनर लागतो. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येऊ लागलं की निपल बेताने कसा. तो आतून पोकळ असतो, जोर केला की मोडतो.

रस्त्यावर नेण्याआधी

टाकी 'मॅक्स'पर्यंत भरा, झाकण लावा. सगळे जोड पाण्याने धुवून कोरडे पुसा. इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा, दुसऱ्या माणसाने टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघायचा. नव्या लायनरना जागेवर यायला पेडल बऱ्याच वेळा दाबावं लागतं. हँडब्रेकचे कट्टे (ओढताना येणारे 'कट कट' आवाज) मॅन्युअलप्रमाणे येतात का मोजा. गाडी हलवण्याआधी एकदा ब्रेक, मग सोसायटीच्या आवारात चालण्याच्या वेगाने, मग रिकाम्या रस्त्यावर २०-३० च्या वेगाने दोनचारदा. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा पेडल अजून मऊ असेल तर पुन्हा एअर काढा. दुसऱ्या वेळीही तेच झालं तर मिस्त्रीला बोलवा.

मास्टर सिलिंडर, एबीएसचं युनिट आणि पाइपची टोकं फ्लेअर करणं, ही तिन्ही कामं पहिल्यांदाच हात घालायची नाहीत.

काढलेलं ऑइल गटारात ओतू नका आणि पाण्याच्या बाटलीत तर अजिबात भरू नका, घरात मुलं असतात. ब्रेक ऑइलच्याच जुन्या डब्यात वेगळं भरून गॅरेजकडे पोचवा.

शेवटी टाकीवर पातळीच्या रेषेला बारीक चिकटपट्टी लावून तारीख लिहा. पहिले पंधरा दिवस रोज, नंतर आठवड्याला एकदा बघा. काकांच्या गाडीवर ती पट्टी अजून आहे, आणि ऑइल तिथेच आहे.